सिद्ध उपचार आणि असिद्ध व्यवस्था

(रत्नागिरी येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोकणातील अनेक घरांत चुलीजवळ मिसरीची डबी असते. तंबाखू तव्यावर भाजायची, तिची पूड करायची आणि सकाळी ती बोटाने हिरड्यांना लावायची, ही सवय सासूकडून सुनेकडे चालत आली आहे. तिला कोणी व्यसन म्हणत नाही. ती दात घासण्याचाच एक भाग समजली जाते. साठीच्या सुमारास अशा एखाद्या बाईच्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठतो, पुढे तो चिघळतो. घरचे वैद्यकी उपाय होतात, तालुक्याच्या गावी दाखवणे होते. अखेर मुलगा तिला रात्रीच्या गाडीने परळच्या टाटा रुग्णालयात नेतो. रोग पुढे गेलेला असतो. शक्य ते उपचार करून डॉक्टर तिला घरी न्यायला सांगतात. मग मंडणगडच्या किंवा लांज्याच्या एखाद्या वाडीत, पडवीतल्या खाटेवर, तिचे शेवटचे काही महिने सुरू होतात. मुंबईहून आणलेल्या गोळ्या संपतात. गावच्या डॉक्टरांकडे जे असते ते ते देतात. त्याने ताप उतरतो, डोके थांबते. जबड्याच्या हाडापर्यंत गेलेल्या कर्करोगाची वेदना थांबत नाही. बाई रात्रभर कण्हते आणि शेजारी म्हणतात, भोग आहेत.

त्याच घरात बहुधा आणखी एक रुग्ण असतो. तो धाकटा मुलगा. बोटीवर खलाशी, नाहीतर आंब्याच्या बागेत मजूर. दारू त्याने दोनदा सोडली, एकदा देवापुढे शपथ घेऊन आणि एकदा गणपतीत घरच्यांच्या धाकाने. दोन्ही वेळा चौथ्या दिवशी हात थरथरू लागले, भिंतीवर नसलेली माणसे दिसू लागली. घाबरलेल्या घरच्यांनीच मग त्याला पुन्हा घोटभर आणून दिली. त्याची बायको वर्तमानपत्रातील जाहिरात वाचून चहात मिसळायची कसलीशी पूड मागवते. हे चित्र कोणा एका घराचे नाही. जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत फिरणाऱ्या कार्यकर्त्याला ते ओळखीचे वाटेल, एवढे पुरे.

या दोन्ही रुग्णांवर उपचार नाहीत, असे कोणी समजू नये. या व्याख्यानाचा विषय नेमका हा आहे की उपचार आहेत, ते कसोटीला उतरलेले आहेत, बहुतेक स्वस्त आहेत आणि त्यांतील काही तर या देशाच्या मातीतून निघतात. तरीही ते त्या पडवीपर्यंत पोहोचत नाहीत. औषधशास्त्राने आपले काम बऱ्याच अंशी केले आहे. राहिले आहे ते वितरणाचे काम, आणि वितरणाचा प्रश्न हा समाजवाद्यांचा जुना प्रश्न आहे.

प्रथम वेदनेचा विचार करू. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घेण्याचे मॉर्फिन हा आधार मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनाशमनाची पायरीपायरीची पद्धत प्रसिद्ध केली. आधी साधी वेदनाशामके, मग सौम्य अफूजन्य औषधे आणि वेदना तरीही हटली नाही तर मॉर्फिन. आणि ते रुग्ण विव्हळू लागल्यावर नव्हे, घड्याळ पाहून ठरलेल्या वेळी द्यायचे. साधी गोळी दर चार तासांनी, सोबत बद्धकोष्ठावरचे औषध, मात्रा वेदनेच्या मानाने हळूहळू वाढवायची. यात कोणते यंत्र लागत नाही की शस्त्रक्रियागृह लागत नाही. प्रशिक्षित डॉक्टर, त्याच्या हाताखाली परिचारिका आणि कुलूपबंद कपाट एवढ्यावर ते भागते.

मॉर्फिन अफूपासून निघते आणि भारत हा कायदेशीर अफू पिकवणारा जगातील एक प्रमुख देश आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील शेतकरी सरकारी परवान्याने खसखशीचे पीक काढतात. सरकार ती अफू विकत घेते आणि गाझीपूर व नीमच येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. पिढ्यानपिढ्या ही अफू परदेशी जात आली आणि तेथील रुग्णांच्या वेदना तिने हलक्या केल्या. नीमचच्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या आईला मात्र ती मिळण्याची शाश्वती नव्हती. कच्चा माल बाहेर जावा आणि पक्क्या मालावाचून देशातील माणूस तळमळावा, हे दादाभाई नौरोजींच्या वाचकांना नवे नाही. येथे फरक इतकाच की राज्यकर्ते परके नव्हते.

हे असे का झाले, याचे उत्तर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे. मुंबईच्या रस्त्यांवर तेव्हा ब्राऊन शुगर उघड विकली जाऊ लागली होती आणि देशभर घबराट होती. विधेयक ऑगस्टमध्ये लोकसभेत आले, सप्टेंबरमध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि नोव्हेंबरमध्ये कायदा लागू झाला. घाईत केलेल्या कायद्यात जे होते ते येथेही झाले. अनेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी ठरली आणि तस्कर व औषधविक्रेता यांच्यातील भेद कागदावर राहिला. मॉर्फिन ठेवायचे तर उत्पादन शुल्क, औषध प्रशासन, आरोग्य अशा निरनिराळ्या खात्यांचे परवाने हवेत. ते एकाच वेळी वैध असायला हवेत. परराज्यातून माल आणायचा तर दोन्ही राज्यांची परवानगी हवी. एक परवाना हाती येईतो दुसऱ्याची मुदत संपत असे. नोंदवहीतील चुकीने तुरुंगाची वाट दिसत असेल तर कोणता औषधविक्रेता हा माल ठेवील? परिणाम आकड्यांत दिसतो. १९८५ साली देशात वैद्यकीय उपयोगासाठी सुमारे ५७३ किलो मॉर्फिन वापरले गेले होते. १९९७ साली ते १८ किलोवर आले. बारा वर्षांत शेकडा ९७ ची घट! कर्करोग याच काळात वाढत होता. ब्राऊन शुगर तर कायद्याला न जुमानता मिळतच राहिली. ज्याच्यासाठी कायदा केला तो सुटला आणि जो खाटेवर पडला होता तो सापडला, असे या कायद्याच्या पहिल्या पर्वाचे वर्णन करावे लागते.

हा कायदा चुकला हे मान्य व्हायला जवळजवळ तीन दशके लागली. १९९८ साली दिल्ली उच्च न्यायालयात याविषयी याचिका झाली. २००७ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. केरळमधील डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे दिल्लीच्या कार्यालयांचे उंबरे झिजवत होते. अखेर २०१४ साली संसदेने दुरुस्ती केली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसारखी काही औषधे ‘अत्यावश्यक’ या वेगळ्या वर्गात घातली गेली, परवान्यांचा गुंता सुटला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकाच यंत्रणेकडून मान्यता घेऊन ती ठेवता येऊ लागली. आता कायद्याची भिंत पुष्कळशी पडली आहे. पण भिंतीच्या भीतीने पाठ फिरवलेले लोक अजून पाठमोरेच आहेत. मधल्या काळात डॉक्टरांच्या पिढ्या मॉर्फिनची एकही चिठ्ठी न लिहिता पदवीधर झाल्या. ज्याने शिकतानाच ते औषध वापरले नाही, तो निवृत्त होईपर्यंत त्याला हात लावायला कचरतो. कायदा एका दिवसात बदलता येतो. हाताची सवय बदलायला पिढी जाते, आणि त्यासाठी मुद्दाम प्रशिक्षणाची योजना व पैसा लागतो.

येथे एक शंका निघते आणि ती प्रामाणिक आहे. मॉर्फिन मोकळे केले तर अमेरिकेत झाले तसे होणार नाही काय? अमेरिकेत १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन नावाची अफूजन्य गोळी बाजारात आली. तिने सवय लागण्याचा धोका कमी आहे, असा प्रचार कंपनीच्या प्रतिनिधींनी डॉक्टरांपुढे केला आणि साध्या पाठदुखीलाही ती दिली जाऊ लागली. २००७ साली फसव्या प्रचाराबद्दल कंपनीने तेथील न्यायालयात गुन्हा कबूल केला, पण तोवर व्यसनाची साथ पसरली होती आणि पुढे लक्षावधी माणसे त्या लाटेत मेली. या उदाहरणापासून धडा जरूर घ्यावा, पण तो नीट वाचावा. तेथे वेदनाशमन हा नफ्याचा धंदा झाला होता. केरळमध्ये मॉर्फिनच्या गोळ्या तीस वर्षे नोंदणीकृत केंद्रांतून मोजून दिल्या जात आहेत आणि तेथे अशी साथ आली नाही. अफूजन्य औषधाला पहारा हवाच. तो नोंदवहीचा आणि परिचारिकेच्या घरभेटीचा असावा. रुग्णाच्या दारातून औषधच परत पाठवणारा पहारा काही कामाचा नाही.

केरळचे उदाहरण कार्यकर्त्यांनी विशेष अभ्यासावे, कारण त्यातील मोठा भाग डॉक्टरांनी केलेला नाही. १९९३ साली कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी एक छोटे केंद्र सुरू केले. बऱ्या न होणाऱ्या रुग्णाच्या वेदनांचे शमन आणि शुश्रूषा हे त्याचे काम. लवकरच त्यांच्या ध्यानात आले की रुग्णाला केंद्रापर्यंत येण्याचीच ताकद नसते. तेव्हा शतकाच्या अखेरीस मलप्पुरम आणि आसपासच्या भागांत शेजारपाजाऱ्यांची मंडळे उभी राहिली. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, रिक्षावाले यांना काही तासांचे शिक्षण देऊन ते रुग्णाच्या घरी जाऊ लागले. जखम धुणे, कूस बदलणे, गोळ्या संपत आल्या का ते पाहणे, घरच्यांना धीर देणे, कधी तांदूळ पोहोचवणे अशी ही कामे. पैसा लोकांच्या लहानलहान वर्गणीतून जमला. २००८ साली केरळ सरकारने याविषयीचे धोरण केले आणि ग्रामपंचायतींवर गृहभेटींची जबाबदारी टाकली. राजकीय पक्षांचे कार्यकर्तेही या मंडळांत काम करतात. सभेला शंभर माणसे आणणाऱ्या कार्यकर्त्याला आठवड्यातून दोन घरांत जाऊन बसणे जड जाऊ नये.

महाराष्ट्रानेही २०१२ साली असे धोरण जाहीर केले. या राज्याजवळ परंपरा नव्हती असेही नाही. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली ‘शांती आवेदना सदन’ निघाले, ते देशातील अशा प्रकारचे पहिले शुश्रूषागृह. टाटा रुग्णालयात याच विषयातील पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. पुण्यात वारज्याला १९९७ पासून असे केंद्र आहे. ही सर्व नावे मुंबई-पुण्याची आहेत, हे श्रोत्यांच्या लक्षात आलेच असेल. आणि रत्नागिरी जिल्ह्याची गरज तर वेगळीच आहे. २०११ च्या जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. कर्ता पुरुष मुंबईत, घरात म्हातारी माणसे आणि सुना. येथे आजाऱ्याला उचलून बसवायलाही दुसरा माणूस नसतो. म्हणून या जिल्ह्यात रुग्णालयातील खाटांहून घरभेटीची व्यवस्था अधिक मोलाची ठरेल.

आता व्यसनाकडे वळू. १९४८ साली डेन्मार्कमधील दोन संशोधकांनी दाखवून दिले की डायसल्फिराम घेतलेल्या माणसाला दारू सोसत नाही. त्यानंतर दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही औषधे आली. दारू एकाएकी थांबवल्यावर जी थरथर, भ्रम आणि झटके येतात त्यांवर ठरलेली औषधे आहेत, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने आहेत. ती वेळेवर मिळाली तर माणूस त्या चार दिवसांतून सुखरूप बाहेर येतो, न मिळाली तर मरूही शकतो. अफू-हेरॉइनच्या व्यसनावर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे असून ती घेणाऱ्यांतील मृत्यूंचे प्रमाण घटते, हे अनेक देशांत दिसून आले. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. यांतील एकही औषध जादूची कांडी नाही. चहात चोरून मिसळायचे तर मुळीच नाही. डायसल्फिराम रुग्णाला न सांगता दिले आणि तो वर दारू प्याला, तर त्याच्या जिवावर बेतू शकते. ज्या पुड्यांवर घटकद्रव्यांचे नावही नसते, त्या विकणाऱ्यांवर कारवाईची मागणी कार्यकर्त्यांनी खरे तर केव्हाच करायला हवी होती.

औषधाइतकेच बोलण्याला महत्त्व आहे आणि याचा पुरावा शेजारच्या गोव्यातला आहे. ‘संगाथ’ या संस्थेने तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीची वैद्यकीय सेवा मिळाली. दुसऱ्या गटाला तिच्या जोडीला समुपदेशन मिळाले, फार तर चार बैठका. बोलणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. ते त्याच भागातले, या विषयाचे पूर्वशिक्षण नसलेले, मुद्दाम तयार केलेले साधे लोक होते. तीन महिन्यांनी पाहणी केली तेव्हा नेहमीच्या गटात शेकडा २६ जणांचे पिणे आटोक्यात आले होते, समुपदेशनाच्या गटात शेकडा ३६ जणांचे. हे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले आणि वर्षभरानंतरही तो फायदा टिकल्याचे दिसले. शेकडा दहाचा फरक कोणाला थोडा वाटेल. जगात शंभरांत शंभर गुण देणारे उपचार फार थोडे आहेत. रक्तदाबाच्या गोळ्यांकडूनही कोणी तशी अपेक्षा करीत नाही; दारुड्याच्या बाबतीतच एकदा पाय घसरला की उपचार वाया गेला, असे म्हटले जाते. शिवाय हे लक्षात घ्यावे की हा प्रयोग कोकणी-मराठी बोलणाऱ्या, मासे-भात खाणाऱ्या, काजूची फेणी पिणाऱ्या माणसांवर झालेला आहे. रत्नागिरीहून तेथे कोकण रेल्वेने काही तासांत जाता येते. ही रेल्वे व्हावी म्हणून मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी खर्ची घातलेली वर्षे या श्रोतृवर्गाला सांगायला नकोत. गाड्या १९९८ पासून त्या मार्गावरून धावत आहेत. त्याच मार्गावरचा हा उपचार मात्र अजून सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या आरोग्य केंद्रांचा नित्यक्रम बनलेला नाही.

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील एकच आकडा ध्यानात ठेवावा. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकाला कसला का होईना उपचार मिळाल्याचे आढळले. उरलेले ३७ कोठे जातात? काही बुवाकडे, काही पुडीकडे आणि काही अशा ‘केंद्रा’त, जेथे माणसाला कोंडून ठेवणे आणि मारहाण करणे हाच उपचार असतो. बाकीचे कोठेच जात नाहीत.

महाराष्ट्रात याहून चांगले काय होऊ शकते, हे पुण्याने दाखवले आहे. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि त्यांचे पती अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले, ते त्या मनोरुग्णालयाच्याच आवारात. अनिल अवचटांनी ब्राऊन शुगरच्या विळख्यावर लिहिलेले वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये दिले. तेथे व्यसनी माणसाला गुन्हेगार मानले गेले नाही. बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. मुक्कामाचे दिवस संपल्यावर पाठपुरावा हे तिथले खरे काम ठरले. पण एका संस्थेने चार दशके निष्ठेने काम करूनही सर्व राज्याचा भार तिच्या खांद्यावर टाकता येत नाही. दात्याच्या औदार्यावर आणि दोन माणसांच्या त्यागावर जे उभे राहते ते आदर्श म्हणून थोर असते, व्यवस्था म्हणून अपुरे असते. महाराष्ट्राला आदर्शांचे कौतुक करून व्यवस्था विसरण्याची खोड आहे. रत्नागिरीलाही १८८६ पासून सरकारी मनोरुग्णालय आहे, राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक. तथापि मंडणगडहून रत्नागिरी शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे, आणि ज्याचे हात थरथरत आहेत त्याला एवढा एस. टी.चा प्रवास करून तेथे जा म्हणणे ही थट्टा होय.

या ठिकाणी चळवळीने स्वतःकडेही पाहायला हवे. दारूविरोधाची या पक्षाची परंपरा मोठी आहे. जोतीराव फुल्यांनी १८८० साली पुण्यातील दारूच्या दुकानांना हरकत घेतली होती. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांच्या प्रेरणेने १९०८ साली पुण्यात दारूच्या गुत्त्यांपुढे निदर्शने झाली. गांधीजींचा वारसा तर आहेच. अलीकडे गावोगावच्या स्त्रियांनी मतदानाने बाटली आडवी केली, त्यात कार्यकर्ते आघाडीवर होते. हे सारे योग्यच झाले. पण बाटली आडवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी गावातील पंधरा-वीस सवयीच्या पिणाऱ्यांचे काय होते, हा प्रश्न सभेत कधी निघत नाही. ते एक तर शेजारच्या गावी जातात, नाहीतर हातभट्टीकडे वळतात, नाहीतर घरात झटके येऊन पडतात. दुकान बंद करण्याचा ठराव आणि तालुक्याच्या रुग्णालयात उपचाराची खाट यांची मागणी एकाच कागदावर व्हायला हवी. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तेथेही २०१६ साली ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम घ्यावा लागला, आणि त्यात गावसंघटनांच्या जोडीला तालुक्यांत उपचाराचे दवाखाने आले. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. कायदा येतो-जातो, पिणाऱ्याचा आजार दोन्ही काळांत त्याच्याजवळच असतो. ‘व्यसन हा नैतिक अधःपात आहे’ हे वाक्य समाजवादी व्यासपीठावरूनही पुष्कळ वेळा उच्चारले गेले आहे. ज्या चळवळीने कुष्ठरोग्याच्या बाबतीत पापाची कल्पना नाकारली, तिने व्यसनी माणसाच्या बाबतीत ती का जपावी?

आता थोडे अर्थशास्त्र. मॉर्फिनची साधी गोळी काही रुपयांना मिळते. डायसल्फिराम जुने आणि स्वस्त औषध आहे. चार बैठकांच्या बोलण्याला तर कोणतेही पेटंट नाही. या स्वस्ताईतच अडचणीचे मूळ आहे. ज्यात नफा नाही त्याचा प्रचार करायला कंपनीचा प्रतिनिधी डॉक्टरकडे जात नाही. त्वचेवर चिकटवायच्या फेंटानिलच्या महागड्या पट्ट्या शहरांतील खाजगी रुग्णालयांत मिळतात. गरिबाची गोळी मिळत नाही. उलट दिशेचा व्यापार पाहा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरीही त्याची पुडी खाडीपलीकडच्या शेवटच्या वाडीपर्यंत जाते, कारण वाटेतल्या प्रत्येकाला तिच्यात चार पैसे सुटतात. बाजार मागणीकडे जातो, हे अर्धसत्य आहे. बाजार पैसे देऊ शकणाऱ्या मागणीकडे जातो. मरणाऱ्या म्हातारीच्या वेदनेला बाजारभाषेत मागणी म्हणत नाहीत.

म्हणून हे काम सार्वजनिक यंत्रणेचे आहे, आणि पैसा नाही ही सबब टिकणारी नाही. राज्याचे उत्पादन शुल्काचे उत्पन्न २०२२-२३ पासून वर्षाला वीस हजार कोटी रुपयांच्या वर गेले आहे. त्यातील ठरावीक हिस्सा उपचारासाठी राखून ठेवा, अशी सूचना नेहमी पुढे येते. ती आकर्षक असली तरी तिच्यात एक खोच आहे. उपचाराचा पैसा दारूच्या खपावर अवलंबून ठेवला तर खप कमी होण्याची भीती आरोग्य खात्यालाच वाटू लागेल. त्यापेक्षा प्राथमिक आरोग्याच्या नियमित अंदाजपत्रकातच ही तरतूद मागावी. औषधांचा खर्च त्यात नगण्य आहे. खरा खर्च माणसांचा आहे: प्रत्येक तालुक्याला घरभेटी देणारी परिचारिका व तिचे वाहन, समुपदेशक, आणि डॉक्टरांचे प्रशिक्षण. आशा सेविकांवर हे ओझे फुकट टाकण्याची सूचना लवकरच कोणीतरी करील. तिला आताच विरोध करावा. त्यांच्याकडून काम हवे असेल तर त्याचा मोबदला ठरला पाहिजे.

कायदा या बाबतीत कार्यकर्त्यांच्या बाजूने आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू व मादक द्रव्यांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येतच समावेश केला आहे. त्याच कायद्याच्या अठराव्या कलमाने सरकारी खर्चाने चालणारी सेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे आणि रुग्णाला त्यासाठी दूरचा प्रवास करावा लागू नये, असे म्हटले आहे. किमान सेवा जिल्ह्यात सरकारकडे उपलब्ध नसेल तर रुग्णाला जिल्ह्यातील अन्य सेवा घेता येते आणि तिचा खर्च सरकारने सोसायचा आहे. मंडणगडच्या त्या खलाशाला हे कलम कोणी वाचून दाखवलेले नाही.

तालुका समित्यांनी काम कोठून सुरू करावे? मोर्चापासून नव्हे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये थोडकीच आहेत. प्रत्येकासाठी माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज करावा. त्यात चार प्रश्न असावेत. २०१४ च्या दुरुस्तीनुसार मॉर्फिन ठेवण्यासाठी मान्यताप्राप्त संस्था म्हणून या रुग्णालयाने नोंदणी केली आहे काय, आणि केली असल्यास कोणत्या तारखेस? गेल्या वर्षात मॉर्फिनच्या किती गोळ्या किती रुग्णांना दिल्या? दारू सोडताना होणाऱ्या त्रासासाठी दाखल करून घेतलेल्यांची संख्या किती? आणि या दोन्ही कामांचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर व परिचारिका किती? पक्षाच्या मुंबईतील शाखांनी याच्याच जोडीला टाटा रुग्णालयातून रत्नागिरी जिल्ह्यात परतणाऱ्या रुग्णांच्या कुटुंबांना भेटून, त्यांची संमती असेल तर, तालुका समितीला कळवावे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कोकणातली कुटुंबे उतरतात. तेथे आठवड्यातून एकदा जाणे अवघड नाही. मासेमारीची बंदी जून-जुलैत असते. त्या दोन महिन्यांत हर्णै, मिरकरवाडा, साखरी नाटे येथील खलाशी किनाऱ्यावर मोकळे असतात. गोव्याच्या धर्तीवरचे समुपदेशन करून पाहायचे तर तोच हंगाम धरावा आणि त्यासाठी प्रत्येक बंदरातून निदान दोन तरुण, शक्य तर स्वतः दारू सोडलेले, आधीच्या उन्हाळ्यात तयार करावेत.

अर्जांना कायद्याने तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे. उत्तरे आल्यावर नऊही तालुक्यांचा तक्ता करून तो जिल्हा शल्यचिकित्सकांपुढे आणि जिल्हा नियोजन समितीपुढे ठेवावा. ज्या रुग्णालयाचे उत्तर ‘निरंक’ येईल, त्याच्या नोंदणीचा अर्ज त्याच बैठकीत भरून घ्यावा.